विटाळ, चूक आणि पाप

प्रश्न असा आला: बायबलमधल्या लेवीय पुस्तकात (5:2) कुणी नकळत मेलेल्या जनावराला शिवला तरी तो दोषी ठरतो. मग हिब्रूतल्या 'टुमा'ला मराठीत पाप म्हणायचे का?

नाही. टुमा ही अशुद्धतेची अवस्था आहे, आणि तिच्या सर्वांत जवळ विटाळच जातो. मेलेल्या जनावराला शिवले तर ती संध्याकाळपर्यंत, माणसाच्या प्रेताला शिवले तर सात दिवस. पण आईबापाला मूठमाती देणे हे तर कर्तव्य! सुतकातल्या माणसाला आपण पापी म्हणत नाही, तसेच हे. एक मात्र जपायला हवे. मराठीतल्या विटाळाला जातीचा डंख आहे. टुमा जन्माने चिकटत नाही. याजकालाही लागते आणि पाण्याने, मुदतीने जाते.

मग दोष कशाचा? यहुदी परंपरा या वचनाचा अर्थ असा लावते: टुमा लागल्याचे विसरून माणूस तसाच पवित्र स्थानात शिरला किंवा अर्पणाचे मांस खाऊन बसला, याचा. जाणूनबुजून खाल्ले तर गोष्ट वेगळी, तिथे थेट उच्छेदाची, म्हणजे आपल्या लोकांतून छाटले जाण्याची शिक्षा (7:20).

अशा नकळत चुकीला हिब्रूत 'शेगागा' म्हणतात. धातूचा अर्थ भरकटणे. त्याचाच सख्खा धातू बायबलच्याच यहेज्केल पुस्तकात (34:6) रानोमाळ भटकणाऱ्या मेंढरांसाठी आला आहे. आणि ज्याचे भाषांतर सर्रास 'पाप' होते त्या 'हेत'चा धातू शास्ते या पुस्तकात (20:16) पाहा: 700 डावखुरे गोफणवाले, केसावर दगड मारला तरी नेम चुकत नसे. मराठीत नेम चुकतो, मेंढरू वाट चुकते आणि माणूसही चुकतो. इतके नेमके क्रियापद हाताशी असताना दर वेळी 'पाप' कशाला?

त्याच धातूपासून आलेल्या 'हत्तात' या अर्पणाला पापबली म्हणणे तर मला खटकतेच. मुलगा झाला तर चाळीस, मुलगी झाली तर ऐंशी दिवसांनी बाळंतीण पारवा किंवा होला हत्तात म्हणून आणत असे. तिने काय पाप केले? वेदीसाठीही हत्तात होते, आणि वेदी कसली पाप करणार! त्याच धातूच्या 'हित्ते' या रूपाचा अर्थ शुद्ध करणे. अभ्यासक जेकब मिलग्रोम यांनी म्हणूनच 'शुद्धीचे अर्पण' हा अर्थ धरला. मी शुद्धिबली म्हणेन.

'आशाम' या दुसऱ्या अर्पणाला दोषबली चालेल. पवित्र वस्तूचा चुकून अपहार झाला, तर मेंढ्यासोबत मूळ भरपाई आणि वर तिचा पाचवा हिस्सा भरावा लागे. त्यात दंडाचा भाग आहेच.