ऑक्सिजनच नाही, मग ऑक्सिडीकरण कसलं?

तुमचा प्रश्न असा आहे की मॅग्नेशियम क्लोरीनमध्ये जळतं तेव्हा ऑक्सिजनचा पत्ताच नसतो, तरी त्याला मॅग्नेशियमचं ऑक्सिडीकरण का म्हणतात.

'ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, गेला की क्षपण' ही शाळेतली व्याख्या खोटी नाही, तोकडी आहे. हिशेब खरा इलेक्ट्रॉनांचा असतो. ज्यानं दिले त्याचं ऑक्सिडीकरण, ज्यानं घेतले त्याचं क्षपण. मॅग्नेशियम दोन इलेक्ट्रॉन देतं, क्लोरीनचे दोन अणू एकेक घेतात.

पण समीकरणात इलेक्ट्रॉन दिसत नाहीत ना! म्हणून प्रत्येक अणूचा ऑक्सिडीकरण अंक काढायचा. सुट्या मूलद्रव्याचा ०, साध्या आयनाचा त्याच्या प्रभाराइतका, संयुगात ऑक्सिजनचा बहुधा −२ आणि हायड्रोजनचा बहुधा +१. उदासीन संयुगात सगळ्यांची बेरीज ०. अंक वाढला तर ऑक्सिडीकरण, घटला तर क्षपण.

प्रॅक्टिकलमधलंच उदाहरण घ्या. सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या फेरस सल्फेटमध्ये (म्हणजे +२ लोहाच्या सल्फेटमध्ये) ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या मापनळीतून, पोटॅशियम परमँगनेट सोडतो. परमँगनेटमध्ये पोटॅशियम +१, चार ऑक्सिजन मिळून −८, म्हणजे मँगनीज +७. शेवटी ते +२ वर येतं, पाच इलेक्ट्रॉन घेऊन. लोह +२ चं +३ होतं, एकच देतं. म्हणून एका परमँगनेटला पाच लोह लागतात. समीकरण संतुलित करायची निम्मी कटकट इथेच संपते. हे डोळ्यांनाही दिसतं: जांभळा थेंब फ्लास्कमध्ये पडला की रंग उडतो, कारण +२ चं मँगनीज जवळपास रंगहीन असतं. लोह संपलं की फिकट गुलाबी रंग टिकतो, तोच एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण. सल्फेटमधल्या गंधकाकडे बघून गोंधळू नका, तो आधीही +६ आणि नंतरही +६. इथे परमँगनेट ऑक्सिडक, म्हणजे दुसऱ्याचं ऑक्सिडीकरण करणारं, कारण क्षपण त्याचं स्वतःचं होतं. मुलं हमखास उलटं लिहितात.

कुणाचाच अंक बदलला नाही तर ती रेडॉक्स (क्षपण-ऑक्सिडीकरण) अभिक्रियाच नव्हे. सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी घातल्यावर पांढरा साका बसतो, पण आयन नुसते जोडीदार बदलतात.

आणि वरच्या प्रयोगात हायड्रोक्लोरिक आम्ल का चालत नाही, तेही आता कळेल. त्यातल्या क्लोराइडचा −१ वाढून ० होऊ शकतो. म्हणजे परमँगनेट लोहाबरोबर त्याचंही ऑक्सिडीकरण करून क्लोरीन सोडतं, आणि ब्युरेटचं रीडिंग फुगतं.