असमान वेव्हगाइडमध्ये प्रकाश कसा न्यावा?

प्रश्न: फेम्टोसेकंद (अतिशय लहान स्पंदांच्या) लेसरने काचेत कोरलेल्या जाळीत शेजारच्या दोन वेव्हगाइडचे (प्रकाश वाहून नेणाऱ्या वाटांचे) अपवर्तनांक वेगळे ठेवले, तर प्रकाश एकातून दुसऱ्यात जवळपास जातच नाही. दोघांमधले अंतर कमी न करता तो नेता येईल का?

उत्तर: येईल, रेझोनन्सच्या, म्हणजे योग्य लय जुळवण्याच्या मदतीने. समजा कपलिंग (प्रकाश शेजारी झिरपण्याचा दर) दर मि.मी.ला ०.१ आहे. वेव्हगाइड सारखे असते, तर १५.७ मि.मी.मध्ये सगळा प्रकाश पलीकडे गेला असता. प्रसरण स्थिरांकांत (पुढे जाताना प्रकाशाची कला ज्या दराने बदलते त्यात) दर मि.मी.ला १ इतका फरक पडला, की जेमतेम ४ टक्के जातो. लांबी कितीही वाढवा, त्यापुढे मजल जात नाही.

उपाय असा: कोरताना लेसर सरकवण्याचा वेग (त्यावर अपवर्तनांक अवलंबून असतो) लयीत कमी-जास्त करून हा फरकच १ च्या आसपास वरखाली करा. आवर्तन (एका पूर्ण चढउताराची लांबी) २π भागिले सरासरी फरक, म्हणजे इथे ६.२८ मि.मी. प्रभावी कपलिंग बेसेल फलन J₁ (गणितातले एक ठरावीक फलन) ठरवते. चढउताराचा आयाम (सरासरीपासूनचा कमाल बदल) सरासरी फरकाच्या १.८४ पट असेल, तर मूळ कपलिंगच्या ५८ टक्के मिळते आणि पूर्ण हस्तांतर सुमारे २७ मि.मी.त होते. आयाम ०.२ पट ठेवलात, तर पूर्ण हस्तांतराची लांबी सुमारे १५८ मि.मी.वर जाते, एवढी लांब चिप परवडत नाही!

बहुतेक घोटाळा आवर्तनात होतो. ते ७.१ मि.मी. झाले, तरी हस्तांतर निम्म्यावर येते. म्हणून ५.८ ते ६.८ मि.मी. आवर्तनांच्या वेव्हगाइडच्या काही जोड्या एकाच काचेवर कोरून, सर्वाधिक हस्तांतर कुठे होते ते आधी शोधा. तरंगलांबी बदललीत, तर कपलिंग आणि फरक दोन्ही बदलतात. मोजणी पुन्हा करावीच लागते.