मॅडम, पुस्तक घेऊ की पीडीएफवर भागवू?

सत्र सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की हा प्रश्न माझ्या खोलीत यायला लागतो. कधी सरळ येतो, "पुस्तक विकत घेऊ की पीडीएफवर भागवू?" कधी आडून येतो, "स्क्रीनवर वाचलेलं डोक्यात राहत नाही, माझंच काही चुकतंय का?" महाविद्यालयीन मुलांसोबत काम करताना मला आता 17 वर्षं झाली. सुरुवातीला हा प्रश्न आला की मी मुलांना ग्रंथपालांकडे पाठवून देत असे. पुस्तकांचा प्रश्न, त्यात समुपदेशकाचं काय काम, असं वाटायचं. हा प्रश्न घेऊन येणाऱ्याला आतून दुसरंच काही खात असू शकतं, हे मला एका मुलीमुळे कळलं. तिच्या ओळखीच्या खुणा बदलून, आणि आमच्या आठ-नऊ भेटी मोजक्या बोलण्यात बसवून, तिची गोष्ट सांगते.

ती दुसऱ्या वर्षाला होती, शरीरक्रियाशास्त्र शिकत होती. पहिल्याच भेटीत तिने लॅपटॉप उघडून एक फोल्डर दाखवला. त्यात 312 फायली होत्या. एकाच पाठ्यपुस्तकाच्या तीन आवृत्त्या, सीनियर मुलांच्या नोट्स, सरांच्या स्लाइड्स, कुणाकुणाकडून आलेली सुटी प्रकरणं.

"यातलं वाचलंस किती?"

"उघडून बघितलंय बरंच. एखादी फाइल उतरवून घेतली ना, की बरं वाटतं. अभ्यास झाल्यासारखं."

"आणि मग?"

"मग पेपरात काही आठवत नाही. ज्या मुलींकडे पुस्तकं आहेत त्यांचं बरं आहे, मॅडम. खरा अभ्यास पुस्तकावरूनच होतो. मला ती परवडत नाहीत, म्हणजे मी मागेच राहणार."

तिचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि त्यातले दोन 'च' अधोरेखित केले. पुस्तकावरूनच. मागेच. माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडायला घेतलेली ही पद्धत सांगते की परिस्थिती छळते ती छळतेच, पण तिच्यावर आपण जी ठाम समजूत चढवतो ती कितीतरी जास्त छळते. ही समजूत शोधायला मराठी भाषेने आम्हाला एक अक्षर देऊन ठेवलं आहे. समोरच्याच्या बोलण्यात 'च' कुठे येतो तिकडे मी कान लावते.

"असं काही नसतं गं" म्हणायचा मोह होता. मी तो आवरला. तिने मान डोलावली असती आणि समजूत जशीच्या तशी घेऊन घरी गेली असती. शिवाय तिचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, आणि ते मी तिला सांगितलंही. 2018 मध्ये पाब्लो देल्गाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद आणि स्क्रीन यांची तुलना करणारे 54 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत वाचकांची संख्या 1 लाख 70 हजारांहून जास्त होती. माहितीपर मजकुरात कागदावर वाचणाऱ्यांना थोडं जास्त समजलं, वेळेचं बंधन असताना हा फरक वाढला, कथा वाचताना मात्र तो दिसला नाही. त्याच वर्षी 21 देशांतल्या 10,293 विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यातही बहुसंख्य मुलांनी अभ्यासासाठी, विशेषतः लांबलचक मजकुरासाठी, कागदच पसंत केला.

"बघा," ती म्हणाली. चेहरा आणखी उतरला.

"बघते आहेच. थोडं जास्त समजलं, असं म्हटलंय. कागदावाचून अडलं, असं नाही म्हटलेलं. आता तुझं बघू."

पुढच्या भेटीला मी ग्रंथालयातून तिच्या विषयाचं पुस्तक मागवून ठेवलं. हृदयावरचा एक भाग तिने छापील वाचायचा, तेवढ्याच लांबीचा मूत्रपिंडावरचा भाग लॅपटॉपवर. वेळ तिच्या मर्जीने. वाचून झालं की आधी अंदाज सांगायचा, 10 पैकी किती उत्तरं येतील. मग प्रकरणामागचे 10 प्रश्न.

छापील भागाला तिने 20 मिनिटं घेतली. अंदाज 6, बरोबर उत्तरं 6. स्क्रीनवरचा भाग 11 मिनिटांत उरकला. अंदाज 8, बरोबर उत्तरं 4.

तो कागद तिने बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही. मी म्हटलं, "मला या विषयातलं काही कळत नाही. मूत्रपिंडात पाणी कसं वाचवलं जातं, एवढं मला समजावून सांग." तिने झोकात सुरुवात केली. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिका, मग हेन्लेचा लूप, म्हणजे त्या नलिकेचं वळण, त्याची उतरती बाजू, चढती बाजू. तिथे आल्यावर म्हणाली, "इथून क्षार आणि पाणी बाहेर पडतं."

"कुठल्या बाजूने काय?"

"दोन्हीकडून... नाही. थांबा." ती थांबली. "उतरत्या बाजूने पाणी जातं. चढत्या बाजूने नुसते क्षार, तिथून पाणी जाऊच शकत नाही. मॅडम, हे मी आत्ताच वाचलंय! वाचताना अगदी सोपं वाटलं होतं."

*सोपं वाटलं होतं.* मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते हे. या वाक्यापाशी मी त्या दिवशी घाई केली नाही, आणि समुपदेशक म्हणून मला त्याचं आजही समाधान आहे. ती शांत बसली होती, मीही बसले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "म्हणजे मला कळलं नव्हतं. कळल्यासारखं वाटलं होतं."

रकेफेत अ‍ॅकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांनी 2011 मध्ये हेच प्रयोगात पाहिलं होतं. वाचनाचा वेळ ठरवून दिला तेव्हा स्क्रीन आणि कागद यांच्या निकालात फरक पडला नाही. वेळ वाचणाऱ्याच्या हाती सोडला तेव्हा स्क्रीनवाले मागे पडले, आणि आपल्याला किती येतंय याचा त्यांचा अंदाजही फुगलेला निघाला. मला ते वाचून ठाऊक होतं. पण आपल्याच 8 आणि 4 या आकड्यांनी तिला जे सांगितलं ते माझ्या व्याख्यानाने सांगता आलं नसतं.

"पीडीएफ वाईटच, हे सिद्ध झालं ना?" पुन्हा 'च'.

"पुस्तक वाचताना तुझे हात काय करत होते, ते आठव."

तिने आठवलं. पेन्सिल हातात होती. हृदयाच्या झडपांच्या आकृतीकडे ती दोनदा पानं उलटून गेली होती. एका परिच्छेदाशी अडून तो परत वाचला होता. आकृती कुठे होती हेही तिला अजून दिसत होतं, डाव्या पानावर, वरच्या कोपऱ्यात. (वाचलेलं पानावर कुठे होतं हे माणसाच्या सहज लक्षात राहतं, हे अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी 1971 मध्येच दाखवलं होतं. सलग सरकणाऱ्या मजकुरात ही जागाच हरवते.) आणि लॅपटॉपवर? बोट खाली सरकत राहिलं. एकदाही मागे गेलं नाही.

पुढच्या भेटीत तिसरा भाग घेतला, श्वसनाचा, लॅपटॉपवरच. या वेळी मजकूर सलग न सरकवता एकेक पान दिसेल असा लावला. शेजारी कोरा कागद ठेवला. दर उपशीर्षकानंतर स्क्रीनवरून नजर काढायची, काय वाचलं ते दोन-तीन ओळींत न बघता लिहायचं आणि मग ताडून बघायचं. 24 मिनिटं लागली. अंदाज 6, उत्तरं 7.

एका मुलीच्या तीन चाचण्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण त्या दिवशी जे सुटलं ते वेगळंच होतं. तिने ते तीन कागद ओळीने मांडले आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे पुस्तक विकत घेता आलं नाही म्हणून मी मागे नव्हते." मग डोळे भरून आले. दीड वर्ष ती घरच्या परिस्थितीला आपल्या गुणपत्रिकेत वाचत होती. आईवडिलांकडे पुस्तकं मागायची लाज, आणि न मागितल्याचा राग, दोन्ही एका पीडीएफच्या माथी मारत होती. परिस्थिती तीच राहिली. तिच्यावर चढवलेला 'मागेच' मात्र त्या टेबलावर गळून पडला.

तेव्हापासून हा प्रश्न आला की मी उलट विचारते, "कशासाठी वाचायचंय?" संदर्भ शोधायचा आहे, एक शब्द दहा प्रकरणांत कुठे कुठे येतो ते बघायचंय, तर डिजिटल प्रतीला तोड नाही. रोज बदलणारी माहिती, छोटे लेख, स्लाइड्स स्क्रीनवरच बऱ्या. पण ज्या दोन-तीन प्रकरणांशी दरवर्षी सगळे अडतात, जिथे आकृती आणि मजकूर यांच्यात सारखी ये-जा करावी लागते, तिथे जमेल तर कागद जवळ करा. अख्खं पुस्तक घ्यायची गरज नसते, ग्रंथालयाची प्रत त्या आठवड्यापुरती पुरते. जुनी आवृत्ती चालेल का, हे विषयावर ठरतं. मूलभूत गणिताला बहुधा चालते, फक्त उदाहरणांचे क्रमांक बदललेले असतात ते जुळवून घ्यावे लागतात. कायदा किंवा औषधोपचार यांत जुनी आवृत्ती धोक्याची.

डिजिटल पुस्तक विकत घेत असाल तर दोन गोष्टी आधी बघा. अनेकदा आपल्याला मिळतो तो ठरावीक मुदतीचा वापर, मुदत संपली की पुस्तक आणि त्यात केलेल्या खुणा दोन्ही जातात, आणि पुढच्या वर्षी ते कुणाला विकताही येत नाही. दुसरं, नेट नसताना ते उघडतं का. परीक्षेच्या आदल्या रात्री हे कळलेली मुलं माझ्याकडे रडत आली आहेत.

आणि छापील प्रत हातात आली म्हणजे झालं, असंही कुणी समजू नये. सगळ्या नोट्सच्या प्रिंट काढून चार रंगांनी रंगवणारा एक मुलगा माझ्याकडे यायचा. पानं इतकी सुंदर दिसायची! त्याला मी एकच पान पालथं घालून सांगायला लावलं, तेव्हा त्याच्याही तोंडून तेच आलं, "वाचताना सोपं वाटलं होतं." रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं यातून ओळख वाढते, आठवण फारशी नाही. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा पुस्तक मिटून आठवून बघणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी होत नसते, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

एक चूक माझीही सांगितली पाहिजे. काही काळ मी स्वतःच "शक्यतो छापीलच घ्या" असं सरसकट सांगत असे. मग वाचनअक्षमता असलेला एक मुलगा आला. अक्षरं मोठी करून, ओळींतलं अंतर वाढवून, सोबत ऐकत वाचलं की त्याला समजायचं. माझ्या सल्ल्यावर त्याने छापील पुस्तकाशी दोन महिने झुंज घेतली होती. त्याच्यासाठी डिजिटल प्रत हाच रस्ता होता, आणि तीही नीट निवडलेली. पानांचे नुसते फोटो काढून केलेली पीडीएफ वाचून दाखवता येत नाही, तिच्यात शोधताही येत नाही. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात अक्षर मोठं केलं की ओळी पडद्याच्या रुंदीत स्वतःहून बसतात. पीडीएफमध्ये मात्र बहुतेकदा प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं. त्या मुलाची मी माफी मागितली. माझ्या सल्ल्यातला 'च' मला दिसला नव्हता.

माझ्या त्या विद्यार्थिनीने पुढच्या सत्रात पुस्तक विकत घेतलं नाही. अवघड प्रकरणांपुरती ग्रंथालयातली प्रत, बाकी लॅपटॉप आणि शेजारी कोरा कागद, अशी तिने मांडणी बसवली. शेवटच्या भेटीत तिने मला परत तो फोल्डर दाखवला. आत आता दोनच फोल्डर होते. एकाचं नाव 'न बघता सांगता येतं', दुसऱ्याचं 'नुसतं ठेवलेलं'. पहिल्यात 11 फायली होत्या.

"दुसरा उडवून टाकू का?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

ती जरा वेळ बघत राहिली. मग दुसऱ्यातली एक फाइल उघडली, पहिलं पान वाचलं, लॅपटॉप मिटला आणि मला सांगायला लागली.