पासवर्ड कोणाकडे आहे?

पत्र थोडक्यात असं: मुलगी यंदा बारावी झाली, विषय पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी). इंजिनीअरिंगच्या सीईटीला पीसीएम गटात ९१ पर्सेंटाइल. मेडिकलची नीटही दिली, पण एमबीबीएसपुरते गुण नाहीत, म्हणजे क्लासचे पैसे वाया. आता म्हणते, इंजिनीअरिंग नको, ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याचा कोर्स करायचाय. मेहुणीच्या लहान मुलाला ऐकू यावं म्हणून कानाच्या आत यंत्र बसवलंय, कॉक्लिअर इम्प्लांट; दर शनिवारी त्याच्याबरोबर थेरपीला जाऊन जाऊन हे खूळ डोक्यात शिरलं. माझे वडील लालबागला कापड गिरणीत होते. संपानंतर घराची काय दशा झाली ते मी लहानपणी पाहिलंय. मी बँकेत आहे, हिला कधी कशाची कमतरता पडू दिली नाही. कॅपचा, म्हणजे इंजिनीअरिंगच्या सामायिक प्रवेशाचा, ऑप्शन फॉर्म मी रात्री बसून भरलाय, लॉगिन-पासवर्ड माझ्याकडेच आहे. भावना बाजूला ठेवून व्यावहारिक सल्ला द्या: कम्प्युटर घ्यावं की एआय-डेटा सायन्स? – एक वडील, भांडुप

सप्रेम नमस्कार,

पर्सेंटाइल वाचून मला काही वाटलं नाही, पासवर्डच्या वाक्याशी मात्र मी अडखळले. तुम्ही ते ओघात लिहून गेलात, जसं गॅस बुक केला हे सांगावं. अठरा वर्षांच्या मुलीच्या चार वर्षांचा पसंतीक्रम ती झोपलेली असताना भरला गेला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ती जागा आपोआप गोठते, म्हणजे पक्की होते, आणि पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद होतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिला ठाऊक आहे का? तुम्ही वाईट बाप आहात असं मी म्हणत नाही. पण ही काळजीची हद्द ओलांडून पुढे गेलेली गोष्ट आहे आणि ती आधी दुरुस्त करा. ब्रँचचं नंतर बघू.

आता ‘भावना बाजूला ठेवून’ याबद्दल. घरोघरी हा गैरसमज भेटतो: सुरक्षित नोकरी हवी म्हणणारा तो व्यवहारी आणि माणसांसाठी काहीतरी करायचंय म्हणणारी ती भावुक. शालोम श्वार्ट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1992 साली माणसांच्या मूल्यांची जी मांडणी केली, तिच्यात दहा मूल्यं आहेत. सुरक्षितता त्यातलंच एक. आपल्या माणसांचं भलं व्हावं हे दुसरं, स्वतःच्या मनाने ठरवणं हे तिसरं, आणि यश, सत्ता, परंपरा वगैरे बाकीची. म्हणजे पगार दर महिन्याच्या एक तारखेला जमा झालाच पाहिजे, हा तुमचा आग्रहही मूल्यच आहे आणि त्यामागे भावना तर केवढी तरी आहे! तुमच्या घरात व्यवहार विरुद्ध भावना असा सामनाच नाही. दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी सगळ्यात वर ठेवल्या आहेत, एवढंच. त्याच मांडणीत एकमेकांशी न पटणारी मूल्यं समोरासमोर येतात. सुरक्षिततेसमोर तिथे स्वातंत्र्य येतं, परोपकार नव्हे. तेव्हा तुमचं खरं भांडण कोर्सशी आहे की ती स्वतःचं स्वतः ठरवतेय याच्याशी, हे एकदा तपासून बघा.

तुमच्या डोक्यात सुरक्षितता सगळ्यात वर का बसली, ते तुम्हीच पत्रात लिहिलंय. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावातल्या किती घरांत चूल उधारीवर पेटली, किती पोरांची शाळा सुटली, हे मी वेगळं सांगायला नको. रोनाल्ड इंगलहार्ट या अमेरिकन अभ्यासकाने सत्तरच्या दशकात मांडलं होतं की माणूस वाढत्या वयात ज्या गोष्टीची टंचाई पाहतो, तिला पुढे आयुष्यभर जास्त किंमत देतो. तुमच्यासमोर पगार थांबला होता, म्हणून तुम्ही बँक धरलीत. अगदी बरोबर केलंत.

पण मग तुमचं पुढचं वाक्य वाचा. ‘हिला कधी कशाची कमतरता पडू दिली नाही.’ जी गोष्ट घरात रोज होती, तिची भीती तिच्या मनात कुठून येणार? महिनाअखेर म्हणजे काय, हे तिला कळू नये म्हणून तुम्ही इतकी वर्षं राबलात, आणि आता तिला ते कळत नाही म्हणून रागावताय. तिने सुरक्षितता खालच्या नंबरवर ठेवली, हा तुमच्या कष्टांचा अपमान नाही. तुमचे कष्ट फळाला आले, त्याचीच ही खूण आहे. हा हिशेब माझ्याकडे येणाऱ्या पालकांना सगळ्यात जड जातो, विशेषतः ज्यांनी स्वतःच्या बळावर घर वर काढलंय त्यांना.

आता मुलीविषयी, कारण तिलाही मी सहज सोडणार नाही. ‘मला मुलांची मदत करायचीय’ हे वाक्य मला पुरत नाही. तोंडाने सगळेच मोठी मूल्यं सांगतात. शनिवार कुठे जातो ते बघावं. तिचा शनिवार, तोही बारावीच्या वर्षातला, मावसभावाबरोबर लोकलमध्ये आणि थेरपीच्या खोलीत गेला, कोणी सांगितलं नसताना. तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलंय, मला तो पुरावा वाटतो. त्या खोलीत काय चालतं, ते तुम्ही एकदा बघून या. थेरपिस्ट तोंडापुढे कागद धरते, म्हणजे मुलाने ओठ वाचू नयेत, आणि आ, ऊ, ई, म, श, स असे आवाज एकेक करून काढते. मुलाला आवाज आला की त्याने डब्यात मणी टाकायचा. ‘स’ला मणी पडत नाही. पुन्हा. पुढच्या शनिवारीही पुन्हा. काम हे असं आहे, कौतुक कमी आणि कंटाळा भरपूर. तो कंटाळा तिला परवडतो का, हे तिने दोन-तीन आठवडे लहानग्याची ताई म्हणून नव्हे, कोपऱ्यात बसून, परक्या मुलांच्या वेळीही बघावं. रडणारं मूल, चिडलेली आई, महिनोन्‌महिने न दिसणारी प्रगती, हे सगळं बघून इच्छा उरली तर ती खरी.

कोर्सचं नाव बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी. इंटर्नशिप धरून चार वर्षांचा आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातही हा कोर्स चालतो. जागा थोड्या असतात. राज्यातले याचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, म्हणजे जे गुणपत्रक तुम्ही वाया गेलं म्हणताय, तेच इथे लागणार आहे. यंदाच्या तारखा आणि अटी राज्याच्या सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत तिने स्वतः वाचाव्यात. प्रॅक्टिस करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. सुरुवातीचा पगार आयटीवाल्या चुलत भावंडांपेक्षा बहुधा कमी असेल आणि स्वतःचं क्लिनिक जम बसवायला वर्षं घेतं. हे मी लपवत नाही, तुम्हीही तिच्यापासून लपवू नका. उलट तिच्याबरोबर कागद घेऊन बसा: भांडुपचं भाडं किती, महिन्याचा खर्च किती, किती पगारात तिचं भागेल. बँकेतल्या माणसाने मुलीला द्यायचं शिक्षण हे आहे. धमकीपेक्षा ते जास्त लागू पडेल.

पत्रात तिच्या आईचं मत कुठे दिसलं नाही. विचारलंत का?

फॉर्म दुरुस्त करायची मुदत संपायच्या आत लॉगिन तिच्या हातात द्या. तिने सगळा विचार करून, स्वतःच्या बोटांनी इंजिनीअरिंगचेच पर्याय भरले तर माझी काही हरकत नाही. कम्प्युटर की एआय-डेटा सायन्स, याचं उत्तर मात्र तुम्हाला देत नाही. तिने विचारलं तर सविस्तर देईन.