ड्रॉप घ्यायच्या आधी एकदा मिरजेला ये

पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि सकाळी ड्युटीला निघताना परत वाचला. मेडिकलच्या नीट परीक्षेला मनासारखे मार्क पडले नाहीत, आई म्हणतीय एक वर्ष लातूरला क्लासला पाठवू, आजी म्हणतीय बीएस्सी कर आणि लग्नाचं बघू, आणि बाबा काहीच बोलत नाहीत. बाबा का गप्प आहेत ते मला कळतंय, यंदा तुमच्या द्राक्षबागेचं काय झालं ते मला माहितीय. आणि या सगळ्यात तू मला विचारतीयस की मावशी मी आता काय करू.

आधी ड्रॉपचंच बोलू, म्हणजे एक वर्ष थांबून नीट परत द्यायचं, कारण तुझं डोकं तिथंच अडकलंय. ड्रॉप घेणं वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही. फक्त त्याआधी एक काम कर, नीटचा पेपर परत समोर घेऊन बस, १८० प्रश्न आहेत, जे चुकले किंवा सोडले त्या प्रत्येकापुढं खरं खरं लिही की हे येत होतं पण घाईत गेलं, हे शिकलेले पण विसरले, का हे मला कधी कळलंच नव्हतं. बरोबरला ४ मिळतात आणि चुकलं की १ जातो, म्हणजे येत असलेला एक प्रश्न चुकला की ५ मार्कांचा फरक पडतो, असे २० प्रश्न निघाले तर १०० मार्क झाले की गं. तसं निघालं तर ड्रॉपला अर्थ आहे आणि मी स्वतः तुझ्या बाबांशी बोलेन. पण फिजिक्स अकरावीपासूनच डोक्यावरून गेलेलं असेल तर नुसतं गाव बदलून आणि होस्टेलवर राहून ते कळायला लागणार नाही, आणि तो खर्च कर्ज काढून करायचा असेल तर मी स्पष्ट नको म्हणेन. कटऑफ बघताना पण आपल्या राज्याचा आणि तुझ्या कॅटॅगरीचाच बघ, सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्याच्या यादीतनं भरतात, यूट्यूबवर कोण काय आकडा सांगतंय त्यावर जाऊ नको.

आता खरं विचारायचं ते विचारते. तुला डॉक्टर व्हायचंय म्हणजे रोज सकाळी उठून नक्की काय करायचंय? मला आठवतंय, आजोबांना डायलिसिसला आणायचात तेव्हा तू मोबाईल सोडून त्या मशीनसमोर उभी असायचीस, रक्त कुठनं बाहेर जातं, परत येताना बुडबुडा आला तर मशीन काय करतं, सगळं त्या टेक्निशियनला विचारून विचारून हैराण केलेलंस. डॉक्टर राऊंडला यायचे आणि जायचे, त्यांच्यापेक्षा तुझं लक्ष मशीनवर होतं. त्या टेक्निशियन मुलाच्या कामाचं एक वेगळं शिक्षण आहे, बीपीएमटी म्हणतात, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं, तीन वर्षं कोर्स आणि एक वर्ष इंटर्नशिप. डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, एक्सरे, लॅब असे त्यात वेगवेगळे विषय आहेत. तुमच्या घरात आजपर्यंत याचं नाव तरी कुणी काढलंय का? मला खात्री आहे, कुणीच काढलं नसणार.

वॉनलेस डॉक्टरांच्या १८९४ च्या दवाखान्यापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, पुढं १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आज अर्धा कर्नाटक इथं उपचाराला येतो. आणि तासगावपासून एसटीनं इतक्या जवळ राहून तुम्हा पोरांना दवाखाना म्हणजे एक डॉक्टर आणि एक नर्स एवढंच माहितीय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की फॉर्म भरायच्या आधी दोन दिवस ये आणि काम बघ. माझ्या लॅबला सकाळी सातला ये. जांभळ्या टोपणाची ट्यूब सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायला, राखाडी शुगरला, रक्त घेतलं की जांभळी ट्यूब हळूहळू उलटीसुलटी करायची, नाही केली तर गुठळी होते आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट खोट्या कमी दिसतात, मग चौथ्या मजल्यावर कुणाच्यातरी आईला घाबरवून सोडतात. जोरात हलवली तर पेशी फुटतात. हे तासन्‌तास, न कंटाळता, नाव आणि नंबर दोनदा तपासून करायला आवडेल का ते तिथं उभं राहिल्यावरच कळतं. मला आवडलं, आजही आवडतं. तुला नाही आवडलं तरी चालेल, पण बघून नाही म्हण.

दुपारी तुला फिजिओच्या डिपार्टमेंटला सोडते, तिथल्या मॅडम ओळखीच्या आहेत. बीपीटीएचला, म्हणजे फिजिओच्या डिग्रीला, आपल्याकडं नीटच लागते, तेव्हा तुझा स्कोअर वाया गेला असं समजू नको. बीएएमएसला पण नीट चालते पण ते एमबीबीएस नाही मिळालं म्हणून घेऊ नको, साडेपाच वर्षं आहेत, पहिल्याच वर्षी संस्कृत आहे, आयुर्वेदात खरंच रस असेल तरच त्यात गोडी लागते.

नर्सिंगचं नाव काढलं की तुझ्या आईचा चेहरा पडेल, माहितीय मला. तरी सांगते. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग झालं की एम्सच्या भरतीची नॉरसेट परीक्षा देता येते, केंद्र सरकारच्या संस्थेतली कायमची नोकरी असते, आणि आयसीयूत रात्री तीनला पेशंटचं बीपी खाली आलेलं सगळ्यात आधी नर्सलाच कळतं. आईला मी समजावते, तू भांडू नको.

बी फार्म आणि बीएस्सी ॲग्री दोन्हीला तुझी सीईटी चालते. बीएस्सीला नाकं मुरडणाऱ्यांचं ऐकू नको, सांगलीत विलिंग्डन १९१९ पासून आहे, मन लावून बीएस्सी केलीस तर पुढं जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते, बायोटेक्नॉलॉजीचा पण पेपर असतो. नुसतं कुठंतरी ॲडमिशन हवं म्हणून केलीस तर मात्र तीन वर्षं हातातनं जातील.

आता पैशाचं, आणि हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मधल्या मुलींना, घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आधी ती निम्मी होती. पण ॲडमिशन कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालं पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातनं घेतलं किंवा अभिमत विद्यापीठात घेतलं की ही माफी मिळत नाही. त्यामुळं कुणी एजंट घरी येऊन "सीट पक्की करून देतो, आत्ता टोकन भरा" म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा, एक रुपया देऊ नका, रक्कम कितीही छोटी सांगू दे. माफीत होस्टेल आणि मेस येत नाही, तो हिशोब वेगळा मांडायचा, आणि मिरज-सांगलीत मिळालं तर तू घरनं एसटीच्या पासवर ये-जा करू शकतीस, हे पण त्या हिशोबात धर.

कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीची यादी, भरताना तुला खरंच जे हवंय तेच पहिलं टाक, कुठलं मिळेल याचा अंदाज बांधून क्रम बदलू नको. यादी वरनं खाली बघत जातात, वरचं नाही बसलं तर खालचं मिळतं, त्यात तोटा काही नाही. आणि जे लागलं तरी जाणार नाहीस ते यादीत टाकूच नको.

कागदपत्रं उद्याच बघायला घ्या, राऊंड सुरू झाल्यावर तहसीलला रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर आणि जात पडताळणी. पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, ती केली नसेल तर आधी तीच, आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स शोधून ठेवायला सांग. काय नाही मिळालं ते मला फोटो काढून पाठव.

तुझी मावशी
मिरज