पैसे घेतले होते, मग जबरदस्ती कशी म्हणू?

"ताई, पैसे आधीच घेतले होते. आता जबरदस्ती कुठल्या तोंडानं म्हणू?"

देहविक्री करणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न मी सोलापुरात कितीदा ऐकला, त्याची गणती नाही. अशाच एकीची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, नावही. तिला शांता म्हणू.

शांता पूर्वी विड्या वळायची. नवरा गेल्यावर या धंद्यात आली. एका सोमवारी दुपारी चारला आली आणि म्हणाली, घसा बसलाय. मी चहा दिला. ती घोट तोंडात धरून ठेवायची, मग डोळे मिटून, मान वाकडी करून गिळायची. एवढ्या उन्हात पदर गळ्याभोवती आवळलेला. तो जरा सरकला आणि कानाखाली बोटांचे वळ दिसले.

शनिवारी रात्री अकराच्या सुमारास गिऱ्हाइकानं तिला लॉजवर नेलं होतं. ठरलं होतं एकाचं. खोलीत दुसरा आधीच बसलेला. ती नाही म्हणाली, तर गळा आवळला आणि कंडोम काढून फेकून दिला.

मी तिच्यासमोरच बोटांवर तास मोजले. एक्केचाळीस.

"एकाचंच ठरलं होतं ना? तेही कंडोम लावून? मग दुसऱ्याला हो कुणी म्हटलं?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "कुणीच नाही."

कायदाही हेच म्हणतो. पैसे घेतले म्हणजे अंगावरचा हक्क विकला असं होत नाही. एका गोष्टीला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, आणि दिलेली मागेही घेता येते.

पण त्या घडीला कायद्याआधी दवाखाना गाठायचा होता. गळा आवळल्यावर वरून वळ फिके दिसतात, आत मात्र सूज वाढत असते, रक्तवाहिनीलाही इजा झालेली असू शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, दम लागणं, चक्कर येणं, यातलं काहीही असलं तर हळद-दूध घेऊन झोपू नये. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि पुढे २८ दिवस एकही न चुकवता घ्यायच्या. शांताचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. नाहीतर गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही पहिल्या पाच दिवसांतच घ्यावी लागते. शिवाय गुप्तरोगांची तपासणी आणि कावीळ 'ब'ची लस.

तिची दुसरी भीती पोलिसांची. "उलट मलाच आत टाकतील." ही भीती हवेतून आलेली नाही, म्हणून मी ती खोडून काढत नाही. पण सरकारी असो की खाजगी, कुठल्याही दवाखान्याला अशा बाईवर मोफत आणि ताबडतोब उपचार करावेच लागतात. देहविक्री करणाऱ्या बाईलाही हेच लागू, असं सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२च्या आदेशात स्पष्ट सांगितलंय. दवाखाना पोलिसांना कळवतो हे खरं, पण जबाब द्यायचा की नाही हे बाईनं ठरवायचं. तिनं नको म्हटलं म्हणून उपचार अडवता येत नाहीत. शांतानं तक्रार दिली नाही. मला ते सलतं, तरी निर्णय तिचा होता.

गोळ्या तिनं रांगोळीच्या डब्यात लपवल्या. कोठा चालवणाऱ्या घरवालीनं पाहिल्या असत्या, तर हिला एड्स झाला अशी बोंब उठली असती. पहिला आठवडाभर मळमळायचं. त्याहून अवघड होतं ते वेगळंच. दार वाजलं की तिच्या हाताला कापरं भरायचं, आणि कंडोमसाठी अडून बसायचं धाडस उरलं नव्हतं. "पुन्हा गळा धरला तर?" मारहाणीतून आजार शरीरात शिरतो तो असाही. 'धंद्यात एवढं चालायचंच' म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. कितीतरी भेटी आम्ही फक्त 'नाही' कसं म्हणायचं, कुणाला हाक मारायची, दार उघडं कसं ठेवायचं, यावरच बोलत बसलो.

तीन महिन्यांनंतरची तपासणी निगेटिव्ह आली. त्यानंतर एकदा ती शेजारच्या खोलीतल्या पोरीला हाताला धरून घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "ताई, हिला सतरा तास झालेत."