कोळंबी परतायची की परतवायची?

दांडिया बाजारातून एका वाचक ताईंनी विचारलंय: "थाई पद्धतीची झटपट तिखट कोळंबी घरी करते. 'स्टर फ्राय'साठी कुणी 'परतवून घ्या' लिहितं, तर माझ्या सासूबाई 'सांतळून घे' म्हणतात. योग्य शब्द कोणता? आणि बडोद्यात राहून कोळंबी म्हणावं की झिंगा?"

शब्द 'परतणे'. 'परतवणे' नव्हे. हल्ला परतवतात, कांदा परततात. हल्ली स्वयंपाकाच्या प्रत्येक व्हिडिओत कांदा, लसूण, टोमॅटो सगळं 'परतवून' घेतलं जातं, आणि ते ऐकून ऐकून नव्या पिढीला 'परतून' हेच चुकल्यासारखं वाटायला लागलंय.

'परतवा'वाल्यांचा युक्तिवाद असा: परतणे म्हणजे माघारी येणे, ते अकर्मक, म्हणून कुणी दुसऱ्याने फिरवलं की 'व' लागलाच पाहिजे, जसं हलणे-हलवणे. हा नियम अर्धाच पाठ केलेला आहे. मराठीत कितीतरी धातू दोन्हीकडे चालतात. दार उघडलं, त्याने दार उघडलं. काठी मोडली, त्याने काठी मोडली. 'दार उघडव' असं कुणी म्हणत नाही. 'परतणे' याच जातीचं. 'मी घरी परतले' आणि 'मी कोळंबी परतली' यांतला फरक वाक्याची रचनाच दाखवते, त्यासाठी 'व'ची गरज नाही.

आता खरी गंमत. परतणे आलं 'परिवर्तते' किंवा 'परावर्तते'पासून. उपसर्गाबद्दल मतभेद असू द्या, धातू 'वृत्', म्हणजे वळणे, फिरणे. काही जण ते 'पर्यस्त'पासून, म्हणजे उलथून टाकलेलं, असं सांगतात. अर्थ जुळतो म्हणून व्युत्पत्ती जुळत नसते. 'पर्य'चा प्राकृतात 'पल्ल' होतो: पर्यंकाचा पलंग, पर्याणाचं पलाण. 'स्त'चा 'त्थ' होतो: मस्तकाचा माथा, पुस्तकाची पोथी. म्हणजे पर्यस्ताचं मराठीत जे व्हायला हवं तेच झालंय, 'पालथा'. ल आहे, थ आहे. 'परत'मध्ये दोन्ही नाहीत. उलट 'र्त'चा 'त' होणं अगदी सरळ आहे: वर्ति, तिची दिव्यातली वात. पर्यस्ताचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी हा 'थ' कुठे गेला ते सांगावं.

याच 'वृत्'चं घराणं स्वयंपाकघरात आणखी पसरलंय. वर्तुळाचं वाटोळं झालं, तिथे 'र्त'चा 'ट' झाला. माझं ठाम मत आहे की पाट्यावरचं 'वाटणे'ही 'वर्तयति'चंच, म्हणजे फिरवणे. ('वाटप'मधलं वाटणे वेगळं, ते 'वण्ट्'चं.) वरवंटा पाट्यावर पुढेमागे फिरतो ते वाटणं, उलथणं कढईत फिरतं ते परतणं. गुजरातीतही हे 'वाटवुं' आहेच. वाटी दाळनां खमण, म्हणजे वाटलेल्या डाळीचं खमण, बडोद्यात कोण खात नाही? वाटण आणि परतणं एकाच धातूची लेकरं आहेत. मिरची-लसणीचं वाटण परतताना दोन चुलत भावंडं कढईत भेटतात, आणि हे आपल्या शब्दकोशांनी ठळकपणे सांगायला हवं होतं.

'स्टर फ्राय'ला नवा शब्द घडवण्याची हौस मात्र आवरावी. 'ढवळतळणे' ही सूचना ऐकलीय. ढवळायला पातळ पदार्थ लागतो, तळायला जिन्नस बुडेल इतकं तेल लागतं. इथे दोन्ही नाही. शिवाय 'स्टर फ्राय' हाच मुळात अनुवाद आहे. बुवेई यांग चाओ यांनी १९४५ च्या आपल्या चिनी पाकपुस्तकात 'छाओ' या चिनी क्रियापदासाठी तो इंग्रजीत घडवला. मोठा जाळ, थोडं तेल, चिरलेला जिन्नस, ओला मसाला आणि सतत हलवणं, हे सगळं 'छाओ'त येतं. (त्यांचं आडनाव 'चाओ' हा वेगळा शब्द, च आणि छ चा भेद देवनागरीत लिहिता येतो, इंग्रजीत बहुतेक वेळा हरवतो.) मग अनुवादाचा अनुवाद कशाला? थाईतही हाच प्रकार, 'पॅड थाई'तला पॅड म्हणजे परतलेलं. ज्या बडोद्याने १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश काढून कारभाराच्या शब्दांसाठी आठ भाषा शेजारी शेजारी मांडल्या, तिथे तरी शब्द शोधताना फक्त इंग्रजीकडे पाहू नये.

सासूबाईंचं 'सांतळणे' चूक नाही, ते गुजराती 'सांतळवुं'चं सख्खं भावंड. पण सांतळण्याची आच मंद असते. कांदा गुलाबी होईपर्यंत दहा मिनिटं सांतळावा. कोळंबी सांतळली की संपलीच: मंद आचेवर ती पाणी सोडते, त्या पाण्यात शिजते आणि रबर होते. शब्द आणि आच यांचा संबंध इतका जवळचा आहे, म्हणून कृतीसकट सांगतो.

सोललेली, मधला काळा दोरा काढलेली पाव किलो कोळंबी घ्या. आपल्याकडे ती बरेचदा गोठवलेली मिळते. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्या आणि कागदाने अगदी कोरडी टिपा. पाव चमचा मीठ आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर चोळा. कॉर्नफ्लोअर वरचा ओलावा शोषतं, पुढे सॉसही अंगाला धरतं. सात-आठ लसणीच्या पाकळ्या आणि चार-पाच तिखट हिरव्या मिरच्या खलबत्त्यात जाडसर ठेचा. इथे वाटण नको, गुळगुळीत वाटण पटकन जळतं. एका वाटीत एक मोठा चमचा सोया सॉस, दोन चमचे फिश सॉस, एक चमचा साखर, दोन मोठे चमचे पाणी.

लोखंडी कढई मोठ्या आचेवर तापवा. रिफाइंड सिंगतेल (शेंगदाण्याचं) दीड मोठा चमचा; घाणीचं तेल लवकर धुरकटतं. तेल लकाकलं की निम्मीच कोळंबी एका थरात पसरा. घरच्या गॅसला हॉटेलच्या भट्टीचा जोर नसतो. सगळी एकदम टाकली तर कढई गार पडते, पाणी सुटतं आणि मग ते परतणं उरत नाही, उकडणं होतं. पाऊण मिनिट हात लावू नका, मग उलटा, अर्धं मिनिट ठेवा, काढा. उरलेली तशीच. कोळंबीचा रंग प्रथिनात अडकलेला असतो, उष्णतेने ते प्रथिन मोडलं की नारिंगी दिसायला लागतो. पण रंग आला म्हणजे शिजली असं नाही, मध्यभागाचा पारदर्शकपणा जायला हवा. इंग्रजी सी इतकी वळली की झाली, ओ झाली तर जास्त झाली.

त्याच कढईत चमचाभर तेल, लसूण-मिरची पंधरा-वीस सेकंद. ठेचा आधी घातला असता तर कोळंबी होईतो लसूण कडवट झाली असती. मग सॉस ओता, खळखळला की कोळंबी परत आत, आणि आता सतत परता, अर्धं मिनिट. आच बंद करून तुळशीची पानं. थाई 'क्रापाव' म्हणजे वनस्पतिशास्त्राने आपलीच तुळस, तीच जात. आपली पानं उग्र असतात, म्हणून अर्धी वाटी पुरे. ज्या घरात कोळंबीत तुळस घालणं मानवत नाही तिथे सब्जाची पानं घाला. ती थोडी गोडसर लागतात, मग साखर अर्धीच चमचा.

झिंगा की कोळंबी? मासळीवालीला समजेल तो शब्द वापरा. पण दोन्हीही 'परता'.